पंख्यासाठी गेला, मग काय झालं?

आज म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चिबूड बघत होते, बाजूला दोघे बोलत होते की जेलातल्या ड्रग्सवाल्यांना कसली ट्रीटमेंट देता, जामिनासाठी नाटकं करतात सगळे. डोकंच फिरलं. चिबूड तिथेच ठेवला नि घरी आले.

माझा मावसभाऊ आत होता, ब्राऊन शुगरपायी. कौन्सेलरकडे पहिल्यांदा गेला तो काय सुधारायला नाही गेला, त्या खोलीत पंखा होता म्हणून गेला! मे महिना होता, मुलाखतीला जाळीपलीकडून त्यानेच सांगितलेलं, गळाभर घामोळं उठलेलं. दुसऱ्यांदा गेला ते वकील म्हणाला म्हणून. तिसऱ्या की चौथ्या वेळी त्या बाईंनी एवढंच विचारलं, रात्री झोप लागते का रे, आणि हा ढसाढसा रडला. मावशीच्या पाटल्या विकल्याचं तिथे पहिल्यांदा कबूल केलं.

ह्यातलं नाटक कुठलं, सांगा मला.

होय, काही जण निव्वळ जामिनासाठीच करतात, मान्य. पण बाहेरचे तरी कधी जातात? बायको माहेरी निघून गेली, लिव्हरचा रिपोर्ट हातात आला की मगच ना? मग कैद्यानेच तेवढं शुद्ध मनाने यायचं? अहो, १९८५च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातच कलम ६४ए आहे, थोडा माल सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार झाला तर खटल्यातून सूट मिळते, आणि उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढूनही घेता येते. म्हणजे माणूस आधी भीतीने येतो हे कायद्याला कळतं, आपल्याला नाही कळत.

आणि आत बसला की आपोआप सुटतं म्हणणाऱ्यांनो, आत अंगाची सवय मोडते, बाहेर आल्यावर जुन्याच मापाने घेतलं की जीव जातो. तो सुटून आला तेव्हा मावशी महिनाभर दारात आडवी चटई टाकून झोपायची. रात्री बाहेर पडायचं तर तिला ओलांडून जावं लागलं असतं त्याला.

पंख्यासाठी गेला नसता तर त्या बाईंसमोर बसलाच नसता तो.

काल फोन केला तर बसमध्ये होता, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात फॉलोअपला चाललेला. म्हटलं, कंटाळा नाही येत रे दर वेळी? म्हणाला, "येतो गो ताई. पण गोळ्या संपल्यात."