निरोप घेऊन पलीकडच्या गल्लीत

‘किशोरवयीन मुलांना शांततेचे धडे द्या, पण प्रत्यक्ष कामात ओढू नका’ हे एका लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. १९९२-९३च्या दंगलीनंतर मुंबईत धारावीत मोहल्ला कमिटीच्या, म्हणजे हिंदू-मुस्लिम रहिवाशांना एकत्र बसवणाऱ्या शांतता समितीच्या, बैठका होऊ लागल्या, तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. सतरंज्या अंथरायच्या आणि दोन्हीकडच्या गल्ल्यांत घरोघरी निरोप द्यायचा, हे माझं काम. पलीकडच्या गल्लीत पहिल्यांदा शिरलो तेव्हा पाय लटपटत होते. एका चाचींनी दार अर्धंच उघडलं, नाव विचारलं, क्षणभर थांबल्या आणि आत जाऊन पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. अफवा कानावर आली की आधी खात्री करायची, ही सवय मला तिथे लागली, भाषणांतून नाही.

शिबिरं जरूर घ्या, संविधानाची उद्देशिकाही वाचा. पण मुलांना एक तरी खरं काम द्या. सोबत मोठं माणूस मात्र हवंच. माझ्यामागे चार पावलांवर आमचे मास्तर उभे होते.