‘जसे मतदार तसे उमेदवार’: हा हिशेब जमत नाही

निवडणुका आल्या की घोडबंदरपासून बेलापूरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘उमेदवार आपल्यातूनच येतात. जनतेची नाडी त्यांना बरोबर कळते. त्यांचे विचार आपल्याला पटतात म्हणून तर ते निवडून येतात. तेव्हा नावं ठेवायची तर स्वतःला ठेवा.’ लाइक भरपूर मिळतात. एकेक वाक्य धरून पाहू.

‘आपल्यातूनच येतात.’ लोकसभेला अनामत 25 हजार, मोठ्या राज्यांत खर्चाची मर्यादा 95 लाख, आणि तिकीट पक्षाच्या हातात. खरी चाळणी तिथेच लागते. आपण बटण दाबतो ते चाळून उरलेल्यांपैकी एकाचं.

‘नाडी कळते.’ हे तर मोजूनच पाहिलंय. बेल्जियम, कॅनडा, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या 866 राजकारण्यांना विचारलं, अमुक धोरणाला किती लोकांचा पाठिंबा असेल? उत्तरं प्रत्यक्ष जनमताशी ताडली, तर चुका मोठ्या निघाल्या. सामान्य नागरिकांच्या अंदाजापेक्षा त्यांचा अंदाज जेमतेम बरा. स्वतःच्या पक्षाच्या मतदारांबद्दलही तीच गत! अमेरिकेतल्या राज्य पातळीवरच्या उमेदवारांच्या 2012 आणि 2014 मधल्या पाहण्यांत चूक एकाच बाजूला झुकलेली दिसली: मतदार आहेत त्याहून जास्त परंपरावादी आहेत असं दोन्ही पक्षांना वाटत होतं, रिपब्लिकनांना अधिकच. संशोधकांनी सुचवलेलं एक कारण असं, की नेत्याशी संपर्क ठेवणारे लोक म्हणजे सगळे मतदार नव्हेत.

आकडे परदेशातले, कारण मात्र घणसोलीतही ओळखीचं. जनसंपर्क कार्यालयात सकाळी दहाला कोण बसलेलं असतं? ठेकेदार, मंडळाचे कार्यकर्ते, लेटरहेड घेऊन आलेले सोसायटीचे सेक्रेटरी. साडेसातची ट्रान्स-हार्बर लोकल पकडून गेलेली बाई तिथे कधीच नसते. साहेबांना नाडी लागते ती समोर आलेल्या मनगटाची.

‘विचार पटतात म्हणून निवडून येतात.’ 2024 ला ठाणे लोकसभेत मतदान झालं सुमारे 52 टक्के. म्हणजे जवळपास निम्म्यांनी काहीच सांगितलं नाही. आणि हा मतदारसंघ मीरा-भाईंदरपासून बेलापूरपर्यंत पसरलेला. घोडबंदरवाल्याला ट्रॅफिकमधून सुटका हवी. गावठाणातल्या प्रकल्पग्रस्ताला गरजेपोटी बांधलेली घरं नियमित करून हवीत, तर शेजारच्या सेक्टरमधल्या फ्लॅटवाल्याला त्याच मागणीवर आक्षेप असू शकतो. एकाच बटणाने यातलं नेमकं काय कळवायचं? कुणी पक्ष बघतं, कुणी जात, कुणी फक्त समोरचा नको म्हणून. ‘यांपैकी कुणीही नको’ सांगणारं नोटाचं बटणही 2013 पासून आहे, पण त्यानेही कारण कळत नाही.

राहता राहिलं स्वतःला नावं ठेवणं. मतदान न करणाऱ्यांना खुशाल ठेवा, माझी हरकत नाही. पण निवडून आलेला माणूससुद्धा पक्षाचा व्हीप, म्हणजे सभागृहात असंच मत द्या हा आदेश, निघाला की मतदारांचं मत खिशात ठेवतो, कारण 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याखाली व्हीप मोडला तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. मग सभागृहात त्याने केलेल्या प्रत्येक मतदानाचं खापर ऐरोलीच्या मतदारावर फोडायचं ते कशाच्या आधारावर?