कोल्हापूर म्हणजे नुसतं मटण नव्हे, दाजी!

"कोल्हापुरात खाण्याशिवाय बघण्यासारखं काय आहे रे?"

काल संध्याकाळी हातात चपलांच्या चार पिशव्या घेऊन दाजींनी मला हे विचारलं. कुठं? जुन्या राजवाड्यातल्या भवानी मंडपात उभं राहून! ताईचा नवरा, मानाचा पाहुणा, म्हणून दातओठ खाऊन गप्प बसलो. रात्रभर डोळा लागला नाही.

पुण्याहून सोसायटीची १७ माणसं ट्रॅव्हलरनं आणायची, एका दिवसात जुनं कोल्हापूर बघायचं, ही त्यांचीच हौस. पंधरा दिवस फोन चालू होते, "तूच दाखव, तुझ्याएवढं कोण सांगणार." मी वेळा लिहून पाठवल्या. अंबाबाई, टाऊन हॉल, खासबागचं कुस्ती मैदान, दसरा चौकातली बोर्डिंगं म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, नवा राजवाडा. आठला येणारी मंडळी साडेदहाला उगवली आणि थेट मिसळीच्या रांगेत. दर्शन झालं की मटण, मटण झालं की चप्पल लाईन. तिथं दोन तास! हातानं शिवलेल्या चपलेला "ऑनलाईन निम्म्यात मिळते" म्हणून कारागिराच्या तोंडावर सांगायचं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आणि भाऊसिंगजी रोड. ते तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. पुढच्या सीटवरनं मागं वळून सांगत होतो. ह्याच रस्त्यावर गंगाराम कांबळेंचं हॉटेल होतं. पाण्याला शिवला म्हणून ज्या दलित माणसाला मारलं, त्याला शाहू महाराजांनी हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः मुद्दाम गाडी थांबवून त्याच्या हातचा चहा प्यायले. राजा पितोय म्हटल्यावर बरोबरच्यांना नाही म्हणता येईना. एवढं सांगतोय तोवर मागनं कुणीतरी स्पीकरवर गाणं लावलं. मोठ्यानं. माझं वाक्य अर्ध्यात तुटलं. "पुढं काय झालं?" असं १७ जणांतल्या एकानंही विचारलं नाही. दाजी तर ताल धरून टाळ्या वाजवत होते!

टाऊन हॉलला पोचलो तेव्हा संग्रहालय बंद व्हायला आलेलं. हातापाया पडून आत गेलो आणि सगळ्यांना थेट पोसायडनच्या मूर्तीपुढं उभं केलं. वीतभरही नाही, पण रोमन व्यापारातनं आलेला ग्रीक समुद्रदेव आहे तो, ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला! पंचगंगेच्या काठावरचं हे गाव सातवाहनांच्या काळात कुठवर व्यापार करत होतं, ते त्या एवढ्याशा काशात दिसतं. "एवढीच?" म्हणाल्या एक काकू, आणि सगळे भेळ खायला रंकाळ्याकडं.

खासबाग गाडीच्या काचेतनं बघितलं. १९१२ चं मैदान, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती दिसावी म्हणून खोलगट बांधलेलं. आत पाऊल टाकल्याशिवाय ते कळतच नाही. कुणी उतरलं नाही.

हे कालचंच नाही. तीन वर्षांमागं मुंबईचे मित्र पन्हाळ्यावर आले, अंबरखान्याच्या सावलीत झुणका-भाकर खाल्ली. ती धान्याची कोठारं आतनं केवढी आहेत, बघायला एकजण उठला नाही. शिवाय जो येईल तो नकली आवाज काढून मला "नाद खुळा" ऐकवतो. डोक्यात जातं. आणि आपलीच पोरं! रीलमध्ये रस्सा सोडून दुसरं काय दाखवता रे? २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखायचा शाहू महाराजांचा हुकूम ह्या गावात निघाला. आपणच सांगितलं नाही, तर पुण्याचा पाहुणा कशाला विचारेल?

सकाळी ताईला फोन केला. म्हटलं, दाजींना घेऊन कधीही ये, तांबडा-पांढरा मी स्वतः करून पोटभर वाढतो. पण "कोल्हापूर दाखव" म्हणून मला परत फोन करायचा नाही. आणि भाचीला दिवाळीत एकटीला पाठव. तिला गंगाराम कांबळेंची पुढची गोष्ट सांगायची आहे.