लात्व्हियन निर्वासित ऑस्ट्रेलियात 'थेट' गेले नव्हते

एक मजकूर बराच फिरतो आहे: 'लात्व्हियाचे लोक 1945 मध्ये जहाजात बसले, थेट ऑस्ट्रेलियात उतरले. सरकारने शिक्षण पाहून नोकऱ्या दिल्या, घरे दिली. मायदेशी परतायला कोणी अडवले नव्हते, पण सगळे हिटलरचे सैनिक होते, म्हणून गेले नाहीत.' यातला एकही दावा तपासात जसाच्या तसा टिकत नाही.

आधी 'थेट' शब्द घेऊ. सोव्हिएत लाल सेनेने 13 ऑक्टोबर 1944 रोजी लात्व्हियाची राजधानी रीगा जर्मनांकडून घेतली. त्या सुमारास लोक लिएपाया आणि व्हेन्ट्सपिल्स बंदरांतून निघाले ते जर्मनीकडे. काही हजार जण लहान होड्यांतून स्वीडनच्या गॉटलंड बेटावर पोचले. युद्ध संपले तेव्हा जर्मनीच्या पश्चिमेकडील विभागांत लाखाच्या आसपास लात्व्हियन होते आणि पुढची काही वर्षे त्यांनी छावण्यांत काढली. श्टुटगार्टजवळचे एस्लिंगेन ही त्यांची मोठी वसाहत. तिथे लात्व्हियन शाळा होत्या, नाटके होत, 1947 मध्ये गायनमहोत्सवही झाला.

ऑस्ट्रेलियाने निर्वासित घेण्याचा करार आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेशी केला तो जुलै 1947 मध्ये. 'जनरल स्टुअर्ट हाइन्झेलमन' हे पहिले जहाज 28 नोव्हेंबरला ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदराला लागले. त्यात सुमारे 840 माणसे होती, सगळी बाल्टिक देशांची (लात्व्हिया, लिथुआनिया, एस्टोनिया), तरुण आणि एकटी. लेकुरवाळ्यांचा नंबर नंतर लागला. छातीच्या एक्स-रेत डाग दिसला की अर्ज अडायचा. घरातल्या एकाला क्षय निघाला, तर त्याला मागे ठेवून जायचे की सगळ्यांनीच थांबायचे, हे त्या कुटुंबाला ठरवावे लागे.

'शिक्षण पाहून नोकरी' हा तर सरळ उलटा दावा आहे. जहाजात चढण्यापूर्वी दोन वर्षांचा करार होता: सरकार सांगेल तिथे, सांगेल ते काम. कागदावर पुरुष 'मजूर', बाई 'घरकामगार'. मग ती व्यक्ती वकील असो की शिक्षक. उतरल्यावर व्हिक्टोरियातल्या बोनेगिला इथल्या जुन्या लष्करी छावणीत ठेवत. पत्र्याच्या बराकींना आतून अस्तर नव्हते, त्यामुळे उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात गारठा. थोडे दिवस इंग्रजीचे वर्ग, मग वाटणी: क्वीन्सलंडमध्ये ऊसतोड, जंगलात लाकूडतोड, रेल्वेमार्ग, रुग्णालयातली साफसफाई. नवरा कामाच्या जागी आणि बायकामुले शेकडो किलोमीटरवरच्या दुसऱ्या छावणीत, असे सर्रास घडे. मजुरी मात्र स्थानिक कामगारांइतकीच मिळे, हेही नोंदवायला हवे. डॉक्टरांची पदवी मानली जात नसे. न्यू साउथ वेल्समध्ये अनेकांना वैद्यकीय शिक्षणाची शेवटची तीन वर्षे पुन्हा करावी लागली. घरे तर कोणी दिली नाहीत. युद्धानंतर तिथे घरांचा आधीच तुटवडा होता. करार संपल्यावर लोक प्लॉट घेत, आधी मागे शेड टाकून त्यात राहत आणि सुटीच्या दिवशी पुढचे घर बांधत.

परतण्याबद्दल. 1940 मध्ये सोव्हिएत संघाने लात्व्हिया गिळला; अमेरिका-ब्रिटनने ते विलीनीकरण कायदेशीर मानले नाही, म्हणून त्यांच्या ताब्यातल्या विभागांतून या लोकांना बळाने परत धाडले गेले नाही. स्वखुशीने जाणाऱ्यासमोर काय वाढून ठेवले होते? 14 जून 1941 रोजी पंधरा हजारांहून अधिक माणसे एका फटक्यात हद्दपार झालेली त्यांनी पाहिली होती. 25 मार्च 1949 ला पुन्हा तेच झाले, या वेळी सुमारे 42 हजार. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीतल्या पोलिश निर्वासितांची माहिती असलेल्यांना ही कोंडी ओळखीची वाटेल. त्यांच्यातल्याही पुष्कळांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली होती.

आता 'सगळे हिटलरचे सैनिक'. निर्वासितांत बायका, मुले, म्हातारे मोठ्या संख्येने होते. 1943 पासून जर्मनांनी उभारलेल्या 'लात्व्हियन लीजन' या सैन्यदलामध्ये बहुतेकांना सक्तीने भरती केले होते, पण त्यात स्वेच्छेने आलेलेही होते. 1941 मध्ये लात्व्हियातले ज्यू मारणारी विक्टर्स अरायस याची टोळी मात्र स्वयंसेवकांचीच होती. एकूण सुमारे 70 हजार लात्व्हियन ज्यूंचा बळी गेला. हे झाकून निर्वासितांची बाजू मांडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. निर्वासितांच्या छाननीत काखेतले रक्तगटाचे गोंदण, म्हणजे हिटलरच्या एसएस दलाची खूण, तपासत, तरी गुन्हेगार निसटले. अरायसच्या टोळीतला कोनराड्स कालेय्स 1950 मध्ये ऑस्ट्रेलियात आला आणि चक्क बोनेगिलातच कारकुनी करू लागला. पुढे तो अमेरिकेत गेला; तिथून त्याला 1994 मध्ये हद्दपार केले. लात्व्हियाने ऑस्ट्रेलियाकडे त्याचे प्रत्यार्पण मागितले. खटला उभा राहण्याआधीच तो 2001 मध्ये मेलबर्नमध्ये मेला. म्हणून निवाडा जमातीवर नको, एकेका माणसाच्या कागदावर हवा.

ते कागद मिळतात. जर्मनीतल्या बाड आरोल्सन गावच्या, युद्धकाळातले बळी आणि निर्वासित यांच्या नोंदींच्या संग्रहात छावणीचे नोंदणीकार्ड आणि मदतीचा अर्ज शोधा. अर्जात मागच्या वर्षांतली वस्ती आणि कामे लिहिलेली असतात. मग ती माहिती जहाजाच्या यादीशी ताडून पाहा. शोध बहुधा नावापाशी अडतो. लात्व्हियनमध्ये नवरा बेर्झिन्श तर बायको बेर्झिन्या, आणि परदेशी कारकून अक्षरांवरची चिन्हे गाळून दोघांना एकच आडनाव लावत. त्यामुळे दोन्ही रूपे चिन्हांसह आणि चिन्हांविना, अशी चारही प्रकारे टाकून पाहावीत.