१०८ ची गाडी टेंडरवर किती दिवस चालवायची?

साप चावला, बाई अडली, हायवेवर गाडी उलटली की आपण रुग्णवाहिकेसाठी आधी १०८ फिरवतो. बहुतेक वेळा गाडी येते. पण ती किती वेळात यायला हवी, आली नाही तर जबाबदार कोण, गाडीवरच्या माणसांच्या पगाराची हमी कोणाची, हे सांगणारा आपत्कालीन वैद्यकीय सेवेचा स्वतंत्र कायदाच महाराष्ट्रात नाही. २०१४ पासून ही सेवा जीआर, टेंडर आणि करारावर चालली आहे.

मी ग्रामीण रुग्णालयात सिस्टर होते. "पेशंट रेफर करायचाय, गाडी बघा" हे नाइट ड्युटीला सतत ऐकलेलं वाक्य. म्हणून सरळच सांगते, मला हा कायदा हवा आहे. आणि तो मंत्रालयात बसून शहराच्या मापाने लिहिलेला नको आहे.

करारावर चालली तर बिघडलं कुठे, असं काहीजण विचारतात. करार सरकार आणि ठेकेदार या दोघांत असतो, पेशंट त्यात पक्षकारच नसतो. गाडी वेळेत आली नाही तर ठेकेदाराला दंड लावायचा की सोडून द्यायचं, हे आरोग्य खातं ठरवणार. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना अर्ज करण्यापलीकडे काही करता येत नाही. कराराची मुदत संपत आली आणि नवं टेंडर अडकलं, तर मुदतवाढीवर दिवस काढायचे. तोवर त्याच जुन्या गाड्या घाटातून पळवायच्या.

आकडे बघा. सेवा सुरू झाली तेव्हा राज्यात ९३७ गाड्या ठरल्या होत्या. त्यात २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट (गंभीर पेशंटसाठी जास्त यंत्रं असलेल्या) आणि ७०४ बेसिक (साध्या). राष्ट्रीय आरोग्य अभियानाचं प्रमाण लाख लोकांमागे एक बेसिक आणि पाच लाखांमागे एक ॲडव्हान्स्ड असं आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास, म्हणजे ॲडव्हान्स्ड गाड्या सव्वादोनशे हव्या होत्या, त्या होत्या. बेसिक मात्र अकराशेच्या वर लागत होत्या. चारशे गाड्यांची तूट पहिल्या दिवसापासूनच होती.

त्यातही लोकसंख्येवर गाड्या वाटणं सपाट, दाट वस्तीच्या भागाला ठीक. धडगाव, अक्कलकुवा, मेळघाट, भामरागड इथे माणसं थोडी आणि अंतर मोठं. तिथे लाखाला एक गाडी दिली तरी पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत पेशंट झोळीतच येतो, आणि नर्मदेच्या बुडीत क्षेत्रात बोटीशिवाय इलाज नसतो. तेव्हा कायद्यात गाड्यांची संख्या घालू नका, वेळ घाला. फोन लागल्यापासून किती मिनिटांत मदत पोचली आणि किती मिनिटांत पेशंट दवाखान्यात आला, हे तालुकावार दर महिन्याला जाहीर झालं पाहिजे. राज्याची सरासरी आम्हाला नको आहे. पुणे-ठाण्याचे आकडे मिसळले की सुरगाण्याचा उशीर त्यात बुडून जातो.

आता रेफरबद्दल. यावर फार कमी लिहिलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्राथमिक आरोग्य केंद्रातून पेशंट ग्रामीण रुग्णालयात येतो. तिथे भूलतज्ज्ञ नाही, म्हणून उपजिल्हा रुग्णालयात. तिथे रक्त नाही, म्हणून जिल्ह्याला. जिल्ह्याहून मेडिकल कॉलेजला. प्रत्येक टप्प्यावर गाडी लागते आणि पुष्कळदा तीच १०८ जुंपली जाते. तालुक्याची गाडी सत्तर-ऐंशी किलोमीटरवर पेशंट घेऊन गेली की परत येईपर्यंत तिचा पॉइंट, म्हणजे उभं राहायचं ठिकाण, रिकामा. त्या चार-पाच तासांत तालुक्यात दुसरा अपघात झाला तर शेजारच्या तालुक्यातून गाडी येणार. दोष गाडीवरच्या डॉक्टरचा नसतो, पायलटचाही (चालकाचाही) नसतो. पहिल्या मदतीची गाडी आणि रेफरची गाडी या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि आपण त्या एकाच गाडीवर लादल्या आहेत. कायद्याने त्या वेगळ्या करायला हव्यात. रेफर करणाऱ्या दवाखान्याने पुढच्या दवाखान्याशी आधी बोलून बेड पक्का केल्याशिवाय पेशंट हलवायचा नाही, हेही त्यातच यायला हवं.

ही मागणी काही माझ्या डोक्यातून आलेली नाही. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी बेड नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं. ते प्रकरण पश्चिम बंग खेत मजदूर समितीने सुप्रीम कोर्टात नेलं. १९९६ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. कुठे बेड रिकामा आहे हे कळणारी मध्यवर्ती यंत्रणा हवी, जिल्हा आणि उपविभाग पातळीवर सोयी वाढवा, रुग्णवाहिकांची नीट व्यवस्था करा, हेही त्याच निकालात आहे. पैशाचं कारण सांगून घटनात्मक जबाबदारी टाळता येणार नाही, असंही कोर्टाने बजावलं होतं. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यसूचीतला विषय आहे, म्हणजे यावर कायदा करायला आपल्या विधानसभेला दिल्लीकडे बघत बसायची गरज नाही. गुजरातने २००७ मध्येच आपत्कालीन वैद्यकीय सेवेचा स्वतंत्र कायदा केला.

आता खाजगी गाड्यांकडे येते. तालुक्याच्या गावात सरकारी दवाखान्याच्या गेटबाहेर ज्या गाड्या उभ्या असतात त्या कोणाच्या? कर्ज काढून व्हॅन घेतलेल्या एखाद्या पोराची, पतसंस्थेची, साखर कारखान्याची, देवस्थानाची, गणेश मंडळाची. १०८ गुंतलेली असते तेव्हा याच गाड्या माणसं वाचवतात. यातल्या काहींमध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा असतो, स्ट्रेचरला पट्टा नसतो, सोबत कोणी शिकलेला माणूस नसतो, हेही खरं. आणि नातेवाइकांची घाबरगुंडी बघून वाटेल ते भाडं सांगणारेही आहेत.

यांना धरणारा कायदा कुठे आहे? रुग्णवाहिका म्हणून वापरल्या जाणाऱ्या वाहनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मध्ये परमिटमधूनच सूट आहे. सूट योग्यच आहे, पण परमिट नाही म्हणून परमिटच्या अटीही नाहीत. गाडी कशी बांधलेली असावी, हे एआयएस-१२५ या मानकात आहे. पण गाडीत बसणाऱ्या माणसाला काय यायला हवं, भाडं किती घ्यावं, नोंदी कोणी ठेवाव्यात, हे त्यात येत नाही. भाड्याचे दर २०२० मध्ये कोरोनाच्या काळात ठरवावे लागले. तेव्हा सुप्रीम कोर्टानेही राज्यांना वाजवी दर ठरवायला सांगितलं होतं. ती साथीपुरती धावपळ होती. साथ ओसरली आणि दरपत्रक भिंतीवरच राहिलं.

इथे मला भीती वाटते ती वेगळीच. उद्या कायदा होईल आणि त्यात लिहिलं जाईल की प्रत्येक रुग्णवाहिकेत अमुक यंत्रं, तमुक पदवीचा माणूस, नाहीतर दंड. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांना ते सहज जमेल. तालुक्यातला तो पोरगा मात्र गाडी विकून मोकळा होईल आणि दवाखान्याबाहेर एकही गाडी उरणार नाही. मग अडलेल्या बाईला पिकअपमधून नेतील. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी या गाड्यांची नोंदणी, मग चालकांना सरकारी खर्चाने प्रथमोपचार, सीपीआर आणि पेशंट उचलण्याचं प्रशिक्षण, ऑक्सिजन भरून देण्याची सोय, आणि तीन-चार वर्षांत टप्प्याटप्प्याने अटी. नोंदणी केलेली गाडी १०८ च्या कंट्रोल रूमला जोडा. १०८ ने पाठवली तर किलोमीटरचा ठरलेला दर सरकारने द्यायचा, पेशंटकडून एक रुपया घ्यायचा नाही. परतीच्या रिकाम्या फेरीचेही पैसे दरात धरा, कारण गडचिरोलीहून नागपूरला पेशंट सोडला की गाडी रिकामीच परत येते. आणि बिल पंधरा दिवसांत चुकतं झालं पाहिजे. वर्षभर बिल अडकलं तर डिझेल उधारीवर कोणी देत नाही.

पैसे कोण देणार, हा प्रश्न उडवून लावता येत नाही. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा मंजूर केला. आधी पैसे न मागता तातडीचे उपचार, अपघात, सर्पदंश, प्राणिदंश, अडलेलं बाळंतपण, सगळं त्यात होतं. मला तो कायदा मनापासून पटला होता. पण रुग्णालयांचे पैसे सरकार कसे आणि कधी देणार यावर डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. खाजगी दवाखाने बंद राहिले आणि शेवटी सरकारला तडजोड करावी लागली. त्यात बरीच खाजगी रुग्णालयं कायद्याबाहेर गेली. महाराष्ट्राने स्वतंत्र निधी आणि बिलाची मुदत कायद्याच्या मजकुरातच लिहावी. नियमांत नंतर बघू म्हटलं की ते राहून जातं.

आणि गाडीवरची माणसं. १०८ वरच्या डॉक्टरांत बहुतेक बीएएमएस आहेत, पायलट कंत्राटी आहेत. १०२ च्या, म्हणजे गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठीच्या सरकारी गाडीच्या, चालकांचे पगार थकल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्टला (तातडीच्या मदतीचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला) आरोग्य व्यावसायिक म्हणून जागा दिली. राज्याने त्याचा उपयोग करून ग्रामीण भागातल्या मुला-मुलींसाठी ही पदं निर्माण करावीत. ठेकेदार बदलला तरी पगार, पीएफ आणि कामाचे तास तेच राहतील, हे कायद्यात हवं. बारा तासांची ड्युटी संपवून पुन्हा स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाच्या हाती पेशंट द्यायचा नसतो.

मृतदेह घरी नेण्याबद्दलही दोन ओळी हव्यात. १०८ मृतदेह नेत नाही, आणि शववाहिका मिळाली नाही म्हणून मुलाचं प्रेत मोटारसायकलवरून नेणाऱ्या बापाची बातमी आपण सगळ्यांनी वाचली आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला एक शववाहिका, डिझेलसह. एवढंच.

आमदार निधीतून गावाला रुग्णवाहिका मिळते, फोटो निघतो, आणि डिझेलला व चालकाला पैसे नाहीत म्हणून काही महिन्यांत ती पंचायतीच्या आवारात उभी राहते. पुढच्या वेळी आमदारांकडे गाडी मागू नका. हा कायदा विधानसभेत कधी मांडणार, आणि त्यात तालुकावार वेळेची नोंद व खाजगी गाड्यांना दर असणार का, एवढं लेखी विचारा. आम्ही काही निवृत्त सिस्टर आणि आशाताई मिळून निवेदनाचा मसुदा करतो आहोत. तुमच्यापैकी कोणी १०८, १०२ किंवा खाजगी रुग्णवाहिका चालवत असाल, तर परतीचं भाडं, डिझेल आणि बिल मिळायला लागणारा वेळ याबद्दल खाली लिहा. तुमचं नाव उघड करणार नाही. दर किती असावा हा परिच्छेद अजून कोरा आहे, तो तुमच्या हिशोबावर लिहायचा आहे.