‘सगळी काढा, एकच ठेवा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

इंदूरच्या मराठी उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. सियागंजचे व्यापारी तो पिथमपूरच्या कारखानदारांना पाठवतात आणि तिथून तो त्यांच्या सीएंकडे येतो. मजकूर थोडक्यात असा: कंपनीत सॉफ्टवेअर जितकी कमी तितका नफा जास्त. सगळी काढून एकच ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, विक्री, हिशेब एकाच ठिकाणी सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्या. जुनं असेल ते आधी फेका. कोण महिन्यात किती वेळा लॉगिन करतो ते बघा, कमी वापराचं बंद करा. सॉफ्टवेअरची यादी आयटीवाल्याकडून मागवा, मालकाने त्यात वेळ घालवू नये. शेवटी वजन यावं म्हणून गार्टनरचं नाव.

आधी गार्टनरबद्दल. ही आयटीवर संशोधन करून सल्ला देणारी अमेरिकी कंपनी. कुठलं सॉफ्टवेअर ठेवायचं हे ठरवायच्या त्यांच्या चौकटीत प्रत्येक सॉफ्टवेअरला दोन प्रश्न विचारतात: धंद्याच्या कामाला ते कितपत उपयोगी पडतं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते कितपत धड आहे. उत्तरांवरून चार खाने पडतात. काहींवर आणखी पैसा घालायचा, काही आहेत तशी चालवून घ्यायची, काहींचं काम दुसरीकडे हलवायचं आणि काही काढून टाकायची. एकूण नग किती, हा प्रश्न त्यात नाहीच. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने शेवटचा खाना तेवढा वाचलेला दिसतो.

‘एकच ईआरपी घेतला की सगळं आपोआप जुळतं.’ जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीने असंच एक मोठं काम सॅप या कंपनीच्या ईआरपीवर सुरू केलं आणि 2018 मध्ये गुंडाळलं. तोवर सुमारे 50 कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. अडचण काय, तर लिडल आपला साठा खरेदीच्या भावाने धरते आणि त्या सॉफ्टवेअरची मूळ मांडणी विक्रीच्या भावावर होती. कंपनीला पद्धत बदलायची नव्हती, म्हणून सॉफ्टवेअर बदलत गेले आणि काम वाढतच गेलं. एवढ्या पैशांत एक प्रश्न आधी विचारून झाला असता: आमची कुठली पद्धत आम्ही काही झालं तरी सोडणार नाही?

आपल्याकडे बघा. सांवेर रोडवरच्या नमकीनवाल्याला माल महाराष्ट्रातल्या दुकानांत ताजा पोचवायचाय. पिथमपुरातल्या औषधवाल्याला परदेशी खरेदीदाराच्या ऑडिटमध्ये पास व्हायचंय. टॅली दोघांकडे, हजेरीचं मशीन दोघांकडे. पण पहिल्याचा जीव डिस्पॅचमध्ये आणि दुसऱ्याचा बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे औषधाचा प्रत्येक घाणा कसा बनला त्याच्या नोंदींत. पुढचा रुपया कुठल्या सॉफ्टवेअरवर घालायचा याचं उत्तर दोघांसाठी एकच कसं असेल?

आता लॉगिन मोजण्याचा सल्ला. हा सगळ्यात धोक्याचा, कारण तो शास्त्रीय वाटतो. फॉर्म 16 काढणारं सॉफ्टवेअर वर्षातून थोडे दिवस उघडतं. माल परत मागवायची वेळ आली तर कुठली बॅच कुणाकडे गेली ते दाखवणारा रिपोर्ट वर्षानुवर्षं कुणी बघत नाही, आणि बघायची वेळ येते तेव्हा तासाभरात हवा असतो. म्हणून वापर किती वेळा होतो यापेक्षा ते नसताना काय अडेल, हे आधी विचारायचं.

शिवाय जे सगळ्यात जास्त वापरलं जातं ते लॉगिनच्या रिपोर्टात येतच नाही. कुठल्याही मध्यम कारखान्याच्या डिस्पॅचच्या टेबलावर जाऊन बघा. तिथे एक एक्सेल शीट असते. गाडी नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल, ट्रान्सपोर्टवाला, ई-वे बिलाचा (जीएसटीतल्या माल वाहतुकीच्या परवान्याचा) नंबर आणि काही ओळी पिवळ्या. पिवळी म्हणजे त्या बिलाची मुदत आज संपतेय. सर्वसाधारण मालाला दर 200 किलोमीटरला किंवा उरलेल्या तुकड्याला एक दिवस मिळतो. इंदूरहून नाशिक चारशेच्या वर, म्हणजे तीन दिवस. घाटात गाडी बिघडली तर मुदत वाढवून घ्यायला संपण्याआधीचे 8 तास आणि नंतरचे 8 तास एवढीच फट असते. ती चुकली आणि गाडी रस्त्यात अडवली, तर दंडाचं प्रकरण. हे सगळं सांभाळणारी ती शीट एका क्लार्कने स्वतःपुरती बनवलेली, त्याच्याच कॉम्प्युटरवर, बॅकअप नाही. नवीन सिस्टिमची बोलणी सुरू झाली की तो एवढंच म्हणतो, “भिया, सब हटा दो, ये शीट मत छेड़ना.” त्याचं म्हणणं मीटिंगच्या मिनिट्समध्ये येत नाही. ईआरपी लागतो, शीट जाते, आणि महिन्याभरात दुसऱ्या नावाने परत उगवते.

नमकीनवाल्याने पैसे घालायचे असतील तर सुरुवात या शीटपासून करावी. यादीत तिचं नावही नाही.

‘जुनं आधी फेका.’ वय बघून काही कळत नाही. 1 एप्रिल 2023 पासून कंपनी कायद्याखालच्या प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद आपोआप राहायला हवी आणि ती बंद करता येता कामा नये. ज्यात ही सोय नाही ते गेल्या वर्षी घेतलेलं असलं तरी जाणारच. गेटवरच्या वजनकाट्याचा जुनाट प्रोग्रॅम मात्र नेटला न जोडता बिनचूक चिठ्ठी छापत असेल, तर त्याला उगाच हात का लावायचा?

‘वापरात नसलेलं बंद करा’ हे तत्त्व म्हणून ठीक आहे; पण लॉगिन बंद केलं म्हणजे सॉफ्टवेअर गेलं, असं नाही. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीत वर्षानुवर्षं न वापरलेला कोड सिस्टिममध्ये तसाच पडून होता. 1 ऑगस्ट 2012 ला नवीन कोड आठपैकी एका सर्व्हरवर चढवायचा राहिला, तिथे तो जुना कोड जागा झाला, आणि पाऊण तासात 44 कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. उलट बाजूने, घाईने सगळं पुसूनही चालत नाही. कंपन्यांना मागच्या 8 आर्थिक वर्षांची हिशेबाची पुस्तकं सांभाळावी लागतात. जुनं लायसन्स सोडण्याआधी त्यातला डेटा दुसरीकडे उघडून, वाचून बघायला हवा. वेंडरने दिलेली बॅकअपची फाइल फक्त त्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडत असेल तर तिचा उपयोग काय?

आणि यादी आयटीवाल्याकडून मागवायची? जरूर मागवा. नाव, एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) तारीख, कितीला पडतं, कुठल्या मशीनवर आहे, हे तोच सांगेल. पण पुढच्या दोन वर्षांत निर्यात वाढवायची की इथली दुकानं, उधारी आवळायची की माल आणखी सोडायचा, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. यादीतला तो रकाना मालकानेच भरायचा, आणि शेजारी डिस्पॅच, खरेदी, अकाउंट्सची माणसं हवीत. एक दुपार जाते. वेंडरच्या डेमोंना याहून जास्त दुपारी जातात, तेव्हा मालकांना वेळेचं काही वाटत नाही.

फॉरवर्डमधल्या एका ओळीशी माझं भांडण नाही: नोकरी सोडून गेलेल्यांच्या नावाची लायसन्स चालू असतात, ती काढा. असतातच. एचआरची यादी आणि वेंडरचं बिल शेजारी ठेवून ती पुढच्या रिन्यूअलआधी काढून टाका. त्यासाठी ईआरपी लागत नाही.