काट्यावर ९०, रस्त्यावर ८०? दगड मोजून बघू

गणपतीच्या तोंडावर मुंबईच्या गाड्या खाली कोकणात उतरायला लागतात, पण त्यांच्याही आधी फॉरवर्ड उतरतात. खड्ड्यांचे फोटो, पर्यायी मार्गांचे नकाशे, आणि यंदा आमच्या वाडीच्या ग्रुपवर स्पीडोमीटरचे गुपित. तीन दिवसांत तो मजकूर मला पाच जणांकडून आला. त्यातला एक माझा सख्खा भाचा, म्हणून हा खटाटोप.

मजकूर थोडक्यात असा: कंपन्या स्पीडोमीटर मुद्दाम १० किलोमीटर पुढे ठेवतात, त्यामुळे काटा ९० वर असला तरी गाडी ८० नेच चालते, बिनधास्त राहा. किलोमीटरही तसेच जास्त मोजले जातात, म्हणजे वॉरंटी आणि ॲव्हरेज दोन्हींत फसवणूक. उपाय सोपा, रिम एक इंच मोठी टाका, मीटर बरोबर होतो आणि ॲव्हरेज वाढते. माणसे आणि सामान भरले की टायर दबून मीटर आणखी खोटा होतो. खरा फक्त मोबाइलचा जीपीएस. आणि चलन आलेच तर मीटरचा दोष दाखवा, रद्द होते.

पहिल्या वाक्यात थोडे तथ्य आहे आणि त्याच्याच जोरावर बाकीचे खपते. काटा पुढे असतो हे खरे. संयुक्त राष्ट्रांचा वाहनांसाठीचा ३९ वा विनियम युरोपात आणि आणखी बऱ्याच देशांत चालतो. तो सांगतो की मीटरवरचा वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी दिसता कामा नये. जास्त दिसला तर चालेल, पण किती? खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ४ किलोमीटर, इतकाच. म्हणजे गाडी खरोखर ८० ने चालली असेल तर काटा ८० ते ९२ यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. चूक व्हायचीच असेल तर ती एकाच बाजूला होऊ दे, असा हा नियम. टायर नवा असतो, जुना असतो, एकाच मॉडेलच्या साध्या आणि महागड्या गाडीला वेगवेगळे टायर येतात. या सगळ्यांत काटा कधीच मागे पडू नये म्हणून बनवणारा तो थोडा पुढे बसवतो. यात कट वगैरे काही नाही.

पण ‘९२ पर्यंत चालेल’ याचा अर्थ ‘तुमच्या गाडीत ९२ च आहे’ असा होत नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने कमाल मर्यादा उचलली आणि ती सगळ्या गाड्यांच्या गळ्यात बांधली. शिवाय ही तफावत ठरावीक १० किलोमीटरची नसते, ती वेगाबरोबर वाढते. नाहीतर अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा काटाही १० वर दिसला असता.

मी माझ्या गाडीचे मोजले. कणकवली ते झाराप हा महामार्गाचा पट्टा सरळ आणि काँक्रीटचा आहे, पहाटे मोकळाही असतो. शेजारी मुलीला स्टॉपवॉच घेऊन बसवले, काटा ८० वर धरला आणि किलोमीटरचे दगड मोजले. खरे ८० असते तर ५ किलोमीटरला ३ मिनिटे ४५ सेकंद लागायला हवी होती. लागली ३ मिनिटे ५७ सेकंद, म्हणजे वेग ७६. परत येताना पुन्हा मोजले, सेकंदाचाही फरक नाही. माझ्या काट्यावर ९० दिसतात तेव्हा गाडी साधारण ८५ ने धावत असते. फॉरवर्डवर विसंबून मी ९० धरले असते तर ८० च्या फलकाखालून ८५ नेच गेलो असतो.

एक गंमत. हे नव्या टायरांवर मोजले. हीच चाचणी गेल्या वर्षी जुन्या, जवळजवळ गुळगुळीत टायरांवर केली होती, तेव्हा ४ मिनिटे १ सेकंद लागले होते. काटा तोच ८० वर, पण गाडी ताशी सव्वा किलोमीटरने हळू. कारण टायरच्या नक्षीत आहे. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि १.६ वर आली की टायर बाद. खाली-वर मिळून व्यास सुमारे १३ मिलिमीटरने घटतो, म्हणजे साधारण २ टक्के. चाक लहान झाले की तेवढ्याच रस्त्याला जास्त फिरते आणि मीटरला वाटते गाडी जोरात आहे.

कारण मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. १९०२ मध्ये ओटो शुल्झे या जर्मन माणसाने ज्या काट्याचे पेटंट घेतले, त्यात गिअरबॉक्सकडून आलेली केबल एक चुंबक फिरवायची आणि त्याच्या ओढीने स्प्रिंगला बांधलेला काटा सरकायचा. आमच्या जुन्या जीपमध्ये हेच होते, केबल कोरडी पडली की काटा भजनाला बसल्यासारखा डुलायचा. आता गिअरबॉक्सवरचा किंवा चाकाजवळचा सेन्सर ठोके देतो. आतल्या संगणकाला एका फेऱ्यात किती अंतर जाते ते आधीच सांगून ठेवलेले असते. बाकी सगळा गुणाकार.

आता किलोमीटरचा मुद्दा. फॉरवर्डवाल्याने काटा आणि किलोमीटरचे आकडे एकाच पारड्यात टाकले. दोघांना ठोके एकाच ठिकाणाहून येतात, पण वेग दाखवताना वर जी भर टाकली जाते ती अंतर मोजताना टाकलेली असलीच पाहिजे असे नाही. माझ्याच गाडीत काटा ५ टक्के पुढे, पण २० दगडांच्या अंतराला ट्रिपमीटरने २०.२ दाखवले. फरक एक टक्का. कंपनीने वॉरंटीचे १० टक्के खाल्ले म्हणणाऱ्याने एकदा दगड मोजून बघावेत, पेट्रोल तेवढेच जाईल.

आणि आता रिम. सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात, म्हणून जरा सविस्तर.

‘रिम एक इंच मोठी केली की मीटर बरोबर होतो.’ रिमचा मीटरशी थेट संबंध नाही. संबंध आहे तो टायरच्या बाहेरच्या व्यासाशी. टायरच्या बाजूला लिहिलेले असते, समजा १८५/६५ आर १५. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२०.२५ मिलिमीटर, आणि आतली रिम १५ इंचांची, म्हणजे ३८१ मिलिमीटर. भिंत वर एक, खाली एक. १२०.२५ ची दुप्पट २४०.५, त्यात ३८१ मिळवा, व्यास ६२१.५ मिलिमीटर.

आता रिम १६ इंचांची घेऊन १९५/५५ आर १६ टाका. भिंत १०७.२५, दुप्पट २१४.५, रिम ४०६.४, एकूण ६२०.९. रिम इंचाने वाढली आणि व्यास अर्ध्या मिलिमीटरने घटला. काट्याला कळणारही नाही. उलट रिम तीच १५ इंचांची ठेवून २०५/६५ आर १५ टाका. व्यास ६४७.५, म्हणजे ४ टक्क्यांहून अधिक मोठा. रिमला हातही न लावता मीटर बदलला.

तो कुठल्या बाजूला बदलला हे बघा. चाक मोठे, फेरे कमी, म्हणून काटा पूर्वीपेक्षा कमी दाखवणार. पुढे राहण्यासाठी जी पाच टक्क्यांची जागा ठेवली होती त्यातली चार टक्के टायरने खाल्ली. याला ‘मीटर बरोबर झाला’ म्हणायचे तर म्हणा, पण मग ‘९० म्हणजे ८०’ हे त्याच गाडीला लावता येत नाही. एकाच फॉरवर्डमधले दोन सल्ले एकमेकांचे पाय ओढतात आणि पाठवणारे दोन्ही पाळतात. याहून मोठा टायर टाकला तर काटा खऱ्या वेगाच्या मागे जाईल. जे होऊ नये म्हणून सगळा नियम केला, तेच. वळणावर पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर टायर मडगार्डच्या आत घासतो, ते वेगळेच. आंबोली घाटात हा आवाज मी मागच्या सीटवर बसून ऐकला आहे.

ॲव्हरेजचे तर उलटेच होते. या मोठ्या टायरांवर ५०० किलोमीटर खरे चाललात तर मीटर ४८० च्या आसपास दाखवेल. २५ लिटर पेट्रोल गेले असेल तर खरे ॲव्हरेज २०, मीटरवरून काढलेले १९.२. मीटरवर घटलेले दिसणारच, आणि रुंद, जड चाक फिरवायला इंजिनाला जास्त मेहनत पडते म्हणून खरेही थोडे घटते. हातात काय वाढते तर टायरचे बिल.

माणसे आणि सामान भरल्याचा मुद्दा ऐकायला पटतो. पाच माणसे आणि डिकीत आंब्याच्या पेट्या, टायर खाली चपटा दिसतो, मग चाक लहान झाले नाही का? नाही. आजच्या रेडियल टायरच्या पोटात स्टीलच्या तारांचा पट्टा असतो, तो जवळजवळ ताणत नाही आणि आखडतही नाही. महामार्गाच्या कामावरचा पोकलेन आठवा. त्याचा पट्टा जमिनीला सपाट टेकलेला असतो म्हणून काही त्याची लांबी कमी होत नाही, एका फेऱ्यात तो तेवढाच पुढे जातो. टायर अगदी तसाच नाही, पण हवा थोडी कमी असली किंवा वजन वाढले तरी फरक सहसा टक्क्याच्या आतच राहतो. हवा जरूर तपासा, पण मीटरसाठी नव्हे, कमी हवेचा टायर तापतो म्हणून.

मीटर खरोखर थापा मारतो ते वेगळ्याच ठिकाणी. पावसात लाल चिखलात चाक रुतले आणि ॲक्सिलरेटर दाबला की काटा ४० दाखवतो आणि गाडी जागची हलत नाही.

जीपीएसबद्दल फारसे भांडण नाही. मोकळ्या, सरळ रस्त्यावर मोबाइलचा वेग चांगला असतो, माझ्या चाचणीत त्यानेही ७६ च दाखवले. पण तो थोडा उशिरा बोलतो, ब्रेक दाबल्यावर क्षणभर जुनाच आकडा दिसतो. कशेडीच्या बोगद्यात त्याला आकाशच दिसत नाही, तिथे तो जे दाखवेल तो अंदाज. घाटाच्या चढावर तो चढ सोडून फक्त आडव्या अंतराचा वेग धरत असेल तरी १० टक्के चढाला फरक अर्ध्या टक्क्याचाच. बोगद्यात आणि वळणांवर काट्याकडेच बघावे, तो निदान पुढच्या बाजूने चुकतो.

राहिले चलन. पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीतली, वेग मोजणारी स्पीडगन तुमच्या डॅशबोर्डमध्ये डोकावत नाही. ती लेझर सोडते आणि तुमची गाडी किती झपाट्याने जवळ येते ते स्वतः मोजते. ती थोडी तिरकी धरलेली असली तर आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो, फायदा तुमचाच. मोटार वाहन कायद्याचे १८३ वे कलम वेग मर्यादेबाहेर नेण्याबद्दल आहे, काटा काय म्हणत होता याबद्दल नाही. आणि काटा नेहमी पुढे असतो हे तर तुम्हीच ग्रुपवर लिहिले आहे. मग काटा ९५ दाखवत असताना चलन आले तर दोष मीटरचा कसा?

भाच्याच्या गाडीला मुळात १८५/६५ आर १५ होते. दिवाळीत त्याने २०५/६५ टाकून घेतले, रुबाबासाठी. परवा त्यालाही कणकवली-झाराप पट्ट्यावर नेले. निघताना मला समजावत होता, “मामा, काटो धा किलोमीटर फुडेच असता.” काटा ८० वर, पाच दगड, ३ मिनिटे ४६ सेकंद. मोबाइलवर भागाकार केला, आला ७९.६. त्याने पुन्हा केला. मग गाडी कडेला घेतली, मेसेजमधून दोन महिन्यांपूर्वीचे न भरलेले चलन शोधून काढले आणि बराच वेळ त्यावरचा वेगाचा आकडा बघत बसला.

“म्हणजे ता चलान बरोबरच होता तर.”